फाट्यावर कोण उतरतं

ड्रायव्हर-कंडक्टरच्या अंथरुणाची वळकटी रायभानने उचलली आणि सभामंडपातल्या खांबामागे नेऊन ठेवली. डेपोच्या साहेबांना बसायला जागा हवी होती. वळकटी गावाची होती. जालन्याहून रात्रीची मुक्कामी गाडी सुरू झाली तेव्हा गावाने वर्गणी काढून गाद्या-रजया घेतल्या होत्या. रात्री गाडी लागली की ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीसमोर झोपायचे आणि पहाटे गाडी घेऊन परत जायचे. जेवण पाळीने एकेका घरून. पाहुणचारात हे गाव कधी कमी पडलं नाही. गावाला जे जड जायचं ते वेगळंच होतं, आणि ते त्या दुपारी सगळ्यांनी मिळून दाखवून दिलं.

साहेब पाणी प्यायले आणि त्यांनी सरळ विषयाला हात घातला. रात्रीची गाडी गावात रिकामी येते. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हर-कंडक्टरशिवाय कोणी उतरत नाही, हे गावकरी स्वतःच सांगतात. दुसऱ्या तालुक्यातली गावं हीच गाडी मागत आहेत. तेव्हा गाडी ठेवायची की हलवायची, हे गावानेच सांगावं.

गावाला त्यात सांगण्यासारखं फार नव्हतं. रात्री उशिरा कोण सभ्य माणूस प्रवास करतो, असं एक म्हातारं पुटपुटलं. माना हलल्या. साहेब उठतील असं वाटलं, पण ते उठले नाहीत.

"एक राहिलं," ते म्हणाले. "अलीकडे फाट्यावर रोज कोणीतरी उतरतं, असं कंडक्टर सांगतो. फाट्यावर तर एकही घर नाही. उतरणारं माणूस तुमच्या गावचं असेल तर तेवढं सांगा. मी तसं कळवतो. गाडी राहील."

रायभानचा हात नकळत खिशातल्या तंबाखूच्या पुडीकडे गेला आणि तिथेच थांबला. फाट्यावर कोण उतरतं हे त्याला ठाऊक होतं. त्याची लेक रेणुका उतरत होती.

रेणुका जालन्याला बियाण्याच्या कंपनीत पाकिटं भरायच्या कामाला होती. दिवाळीनंतर तिला दुसरी पाळी लागली. दुपारी जायचं आणि सुटायचं ते रात्रीच. तिची आई आसराबाई हिच्या अंगावरून वारं गेलं तेव्हापासून सकाळी आईची आंघोळ, वेणी, भरवणं हे सगळं रेणुकाकडे होतं आणि दुपारनंतर कंपनी. हे दोन्ही निभत होतं ते केवळ मुक्कामी गाडीच्या जिवावर. गावाला मात्र रायभानने सांगितलं होतं की पोरगी कम्प्युटरच्या क्लासला जाते आणि दिवेलागणीच्या जीपने परत येते. कारण धावडा गावाहून तिला आलेलं स्थळ. मुलाकडच्यांनी निरोप पाठवला होता की नोकरी केली तरी चालेल, पण रात्री-बेरात्री घरी येणारी सून नको. मुलाचा सख्खा मामा गोरखनाथ याच गावचा होता. आत्ता तो रायभानच्या समोरच मांडी घालून बसला होता.

रोज रात्री रायभान बॅटरी घेऊन फाट्याकडे निघायचा. वाटेत कोणी हटकलं तर उत्तर तयार होतं: लाईट आली, गव्हाला पाणी धरायला चाललो. शेतीची लाईट रात्रीची असल्यामुळे बॅटरी घेऊन हिंडणाऱ्या माणसाचा संशय घ्यायचं कोणाला कारण नव्हतं. एकदा ओढ्याच्या पुलावर कडूबा भेटला होता. पाण्याला का, असं त्याने विचारलं. पाण्यालाच, रायभान म्हणाला, आणि तुम्ही? कडूबाही पाण्यालाच चालला होता. आपली थाप पचली याचं रायभानला इतकं बरं वाटलं की पुढचं काही सुचलंच नाही. फाट्यावर तो बाभळीच्या आडोशाला, रस्त्याकडे पाठ करून उभा राही. गाडीच्या दिव्याचा उजेड तोंडावर पडायला नको. गाडी गावाकडे वळली, पावलं वाजली, की रेणुका शेजारी आलेली असे. मग बापलेक ओढ्याकाठच्या वाटेने न बोलता घरी जात. लांब, काळोखात आणखी एखाद-दोन बॅटऱ्या हलताना दिसत. बिचारे थंडीत पाणी भरून राहिलेत, असं त्याच्या मनात येई.

कंडक्टरला सगळं माहीत असणार. जेवणाची पाळी रायभानच्या घरी असली की रेणुका त्याच्यासमोर भाकरी वाढे. त्याच पोरीला अर्ध्या तासापूर्वी आपण फाट्यावर उतरवलं होतं, हे त्या भल्या माणसाने कधी डोळ्यांतसुद्धा दिसू दिलं नाही. खाली मान घालून जेवायचा आणि ताई, पाणी द्या, एवढंच म्हणायचा.

"कोणीच नाही का?" साहेबांनी पुन्हा विचारलं.

कडूबा सतरंजीचा निघालेला दोरा बोटाला गुंडाळत होता. रायभानने मनातल्या मनात वाक्य जुळवलं. माझी पोरगी आहे, साहेब. एवढंच तर म्हणायचं होतं. त्याने बोलायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात गोरखनाथ बोलला.

"वस्तीवरचे उतरत असतील, साहेब. न्हाई तं ऊस तोडनारे. आमच्या गावातलं मानूस रातचं बाहेर ऱ्हात न्हाई."

बोलून झाल्यावर त्याने टोपी काढली, आतून पाहिली आणि पुन्हा घातली. आता बोलायचं म्हणजे गोरखनाथला खोटं पाडायचं, आणि मग धावड्याचा विषयच संपला. रायभानने तोंडात मिठाची गुळणी धरली. साहेबांनी थोडा वेळ सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग चहा घेतला आणि निघून गेले. रविवारपासून गाडी बंद होणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेणुका आईच्या केसांना तेल लावत होती. तिने मान वर न करता विचारलं.

"अप्पा, तुम्ही बोलले का?"

"कोनीच बोललं न्हाई."

"मी कोनाचं न्हाई विचारलं."

रायभान उंबऱ्यावर बसून राहिला. तिने आदळआपट केली असती तर त्याला सोपं गेलं असतं. तिने शांतपणे सांगितलं की काम सोडणार नाही. जालन्यात खोली घेईल, सुट्टीला येत जाईल, आईच्या आंघोळीला शेजारच्या मालनबाईला विचारून ठेवलं आहे. एकटी राहशील का, त्याने विचारलं. बघते, एवढंच ती म्हणाली. आसराबाईला बोलायला कष्ट पडत. तिने चांगला हात उचलून लेकीचं मनगट धरलं आणि वेणी घालून होईपर्यंत सोडलं नाही.

रविवारी उजाडताच रायभान डोक्यावर गादीची गुंडाळी घेऊन निघाला. मागे रेणुका, हातात पिशवी आणि स्टोव्ह. जाफराबादहून जालन्याला जाणारी सकाळची गाडी फाट्यावर मिळायची. या वाटेने दिवसाउजेडी दोघं मिळून चालल्याला कितीतरी महिने झाले होते. ओढ्याच्या पुलावर दव पडलं होतं. रायभानला लेकीशी काहीतरी बोलायचं होतं आणि ते काय, हे फाटा येईपर्यंत त्याला ठरवता आलं नाही.

फाट्यावर माणसं होती. बाभळीखाली कडूबा एका पत्र्याच्या पेटीवर बसला होता आणि त्याची लेक अर्पिता शेजारी उभी होती. थोडं पलीकडे, मैलाच्या दगडापाशी, गोरखनाथ. त्याच्या खांद्यावर सतरंजीची घडी होती आणि त्याची लेक ज्योत्स्ना डब्यांची पिशवी पायाशी घेऊन रस्त्याकडे पाहत होती.

रेणुका सरळ त्या दोघींकडे गेली. स्टोव्ह आणला का, ज्योत्स्नाने विचारलं. आणला, रेणुका म्हणाली, पातेलं कोणी आणलं? तिघी सामान एका जागी लावू लागल्या. रोजची ओळख असलेल्या माणसांसारख्या त्या बोलत होत्या.

रायभान गादी डोक्यावरून उतरवायचंही विसरला. कडूबाचं शेत तर गावाच्या दुसऱ्या अंगाला. पाणी धरायला तो ओढ्याच्या पुलावर कशाला येईल? इतके दिवस हे आपल्या डोक्यात कसं आलं नाही, याची त्याला शरम वाटली, आणि सभामंडपात कडूबाने बोटाला गुंडाळलेला तो दोरा आठवला.

"तुला माहीत होतं?" त्याने रेणुकाला बाजूला घेऊन विचारलं.

"रोज एकाच गाडीत येतो, अप्पा. घरी सांगायचं न्हाई, असं आमचं ठरल्यालं होतं. एकीचं निघालं की तिघींचं निघतं."

गाडी आली. तिघी मागच्या एकाच बाकावर बसल्या. रेणुकाने खिडकीतून हात बाहेर काढला, पण तो हलवला नाही, नुसता काचेच्या कडेवर ठेवला. गाडी गेली तरी तिघं बाप रस्त्याकडे तोंड करून उभे होते. या जागी पहिल्यांदाच.

तिघं परत निघाले. ओढा ओलांडल्यावर कडूबा अडखळत म्हणाला की अजून जाऊन त्या साहेबांना सांगता येईल, तिघं मिळून गेलो तर ऐकतीलही. त्यावर गोरखनाथने मान हलवली. ती होय म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. रायभान जाऊ म्हणणार होता. तेवढ्यात वळणावरून गावाचं पहिलं घर दिसलं.

गोरखनाथ थांबला. खाली वाकून चपलेतला खडा काढू लागला. चपलेत खडा दिसत नव्हता.

"तुम्ही व्हा पुढं," तो म्हणाला. आणि मग हलक्या आवाजात, "घरी बोलू नका."

रायभानला त्याचा संताप आला. दोन पावलं चालून त्याने पाहिलं तर कडूबा मळ्यातल्या वाटेला लागला होता, आणि त्याचे स्वतःचेही पाय आपोआप ओढ्याकाठच्या आडवाटेकडे वळले होते.

मालनबाई अजून आली नव्हती. रायभानने चूल पेटवली, पाणी तापवलं, बादलीत गार मिसळून हाताने पाहिलं. आसराबाई खाटेवरून त्याच्याकडेच पाहत होती. बोलण्यासाठी तिने बराच वेळ ओठ जुळवले.

"एकटीच गेली?"

बादलीतलं पाणी तो ढवळत राहिला. पाणी केव्हाच बरोबर झालं होतं.

"व्हय," तो म्हणाला.

आसराबाईने तोंड भिंतीकडे फिरवलं.