मेंढरं मोजायची न्हाईत

घोडनदीच्या काठाला सकाळचं धुकं उतरलं, की आमची मेंढरं दिसतच न्हाईत. नुसतं धुकंच चरत पुढं सरकतंय असं वाटतं. त्यांच्यामागं चालता चालता मी जागेपणी सपान बघायची. माझी वच्छी शाळेतली बाई झालीय, पांढरं पातळ नेसलीय, फळ्यावर लिवतीय. हसा, खुशाल हसा! धनगराच्या बाईनं सपान बघू नये व्हय?

महाराष्ट्र झाला त्या साली शिरूरला मिशनच्या बोर्डिंगात पुण्याचा एक साहेब आला, पोरांची अक्कल मापायला. वच्छी तिथंच शिकत हुती. परीक्षा झाली आन् तिच्या मास्तरीण लिडियाबाईंनी मला बोलावणं धाडलं.

"धुरपदाबाई, साहेब म्हणतात पोर मंद आहे. चित्रातली मेंढरंसुद्धा तिला मोजता आली नाहीत. असंच राहिलं तर तिला घरी न्यावं लागेल."

माझं टाळकंच फिरलं. अक्कल म्हंजी काय पायलीनं मापायचं जोंधळं हाय? पन मग ध्यानात आलं. आमच्यात मेंढरं मोजत न्हाईत. मोजली की दृष्ट लागती, कळपात रोग शिरतो. तोंडावळ्यानं वळखायची, बास. पोरगी घरची चाल पाळून गप बसली हुती.

मी साहेबाला तसं सांगितलं. माणूस भला, त्यानं पुन्हा चित्र म्होरं ठेवलं. खिडकीतनं कवळं ऊन आत आलं हुतं, त्यात ती कागदावरची मेंढरं हालल्यागत दिसत हुती. वच्छी माझ्याकडं बघाय लागली.

"मोज, पोरी."

"आये, आपली मेंढरं मरतील की गं."

सगळं घर त्या मेंढरांवर. तरी म्हटलं, "मरू देत. तू मोज."

तिनं मोजली. साहेब म्हणाला, "एक कमी सांगितलंस," आन् कागदावर फुली मारली. मी वाकून बघितलं, तर कोपऱ्यातलं बारकं कोकरू तिनं अंगठ्याखाली झाकून धरलेलं. एक न मोजता ठेवलं, म्हंजी कळप मोजलाच न्हाई! मला रडूच फुटलं.

अंगठा लिडियाबाईंनीबी बघितला. त्या साहेबाला म्हणाल्या, "मार्क तुम्ही पुण्याला न्या. पोर इथंच राहील."

साहेबानं चित्र उचलंस्तवर वच्छीनं अंगठा काढला न्हाई.