गेर्नोटचा निळा पाम

माझ्या नवऱ्याला, गेर्नोटला, आमच्या लग्नाची तारीख आठवत नाही. पण आपल्या निळ्या पामला कोणत्या वर्षी किती पानं फुटली, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगेल. मोरोक्कोच्या डोंगरातलं ते झाड. पानं चंदेरी निळी, आणि काटे असे की दरवर्षी माझा एक तरी स्वेटर बळी जातो. ऱ्हाइनकाठच्या आमच्या हातभर बागेतली सगळ्यात उबदार भिंत त्याला दिलीय. माझे टोमॅटो पडलेत कुंपणाशी सावलीत.

गावात असल्या पामवेड्यांचं मंडळ आहे. त्यांच्यात मान एकाच गोष्टीला: हीटर न लावता झाड हिवाळ्यातून जगवायचं. पावसासाठी वर छप्पर आणि भोवती कापड, एवढंच चालतं. गेर्नोट तीन वर्षं "बिनाहीटर!" म्हणत छाती काढून फिरतोय. पण त्याचा आधीचा पाम थंडीत मेला, तेव्हा हाच माणूस एप्रिलभर सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. निवृत्तीला जेमतेम वर्ष झालेलं. जेवायचा नाही, बोलायचा नाही.

म्हणून नवा पाम आला तसा मी एक उद्योग सुरू केला. नोव्हेंबरात झाड गुंडाळून गेर्नोट बिअर प्यायला गेला, की मी खालून नाताळच्या दिव्यांची माळ आत सारायची. दिव्यांच्या उबेवर झाडं तगतात, हे त्याच्याच मासिकात वाचलं होतं. वायर तळघराच्या खिडकीतून; जाड कापडातून उजेड बाहेर दिसायचा नाही. मार्चमध्ये त्याने कापड सोडायच्या आत माळ गुपचूप काढून घ्यायची.

यंदा फेब्रुवारीतल्या एका रविवारी नाश्ता करताना तो म्हणाला, "रोसी, तीन वाजता मंडळ येतंय. त्या डेटलेफला माझं बिनाहीटर खोटं वाटतं ना, त्याच्याच हातानं कापड सोडायला लावतो."

माळ अजून आतच होती. तीन वाजेपर्यंत हा झाडापासून हलला असेल तर शपथ.

सहा जण आले, माझा चीजकेक फस्त केला आणि बागेत गेले. डेटलेफनं कापड सोडलं. लुकलुकती माळ बाहेर ओढली.

"वा, गेर्नोट! हे तुझं बिनाहीटर?"

"हे माझं नाही." गेर्नोटचा चेहरा पांढराफटक पडला. "खरंच माझं नाही रे."

"मग काय, पाम स्वतः दुकानात गेला होता?"

सगळे हसले. मला ते बघवेना.

"मी लावली," मी म्हणाले. "तीन वर्षं लावतेय. त्याला काही माहीत नाही. आता काय करायचं ते करा, केक तर खाऊन झालाय."

डेटलेफनं एक दिवा चिमटीत धरला. "कधीपासून चालू आहे?"

"नोव्हेंबरपासून."

"अगं रोसविता, हे एलईडी आहेत! थंडगार. यावर माशीसुद्धा शेकायची नाही."

मग त्यानं झाडाचा मधला कोवळा कोंब धरून ओढला. आतून कुजलेला असेल तर तो अलगद हातात येतो. हा हलला नाही. डेटलेफनं दोनदा ओढून पाहिला, मग गेर्नोटच्या पाठीवर थाप मारली. "उणे तेरा अंशांची थंडी, आणि अस्सल बिनाहीटर." बाकीचे माझ्याकडे बघून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होते.

ते गेल्यावर गेर्नोट बशा धुवायला लागला. तो हसला नव्हता.

"तुझा माझ्यावर भरवसा नव्हता," तो म्हणाला.

"खड्ड्यात गेला तुझा पाम. तो मेला असता तर तू पुन्हा तसाच पडला असतास. फार घाबरले होते मी, गेर्नोट."

त्यानं हातातली बशी खाली ठेवली.

"तेव्हा पामचं दुःख नव्हतं गं," तो म्हणाला. "ते कारण सांगायला सोपं होतं, एवढंच."

मी नळ बंद केला आणि त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

"आता सांग," मी म्हणाले. "पण झाडाबद्दल एक अक्षर काढलंस तर बघ."