दूधघरातला कोल्हा

नोव्हेंबरातली सकाळ. केझिया ब्रॅमली दूधघरात बाह्या सरसावून लोणी काढत होती, तेवढ्यात उघड्या दारातून एक कोल्हा आत शिरला आणि चीजच्या फळीखाली जाऊन बसला. चिखलाने माखलेला, धापा टाकणारा. केझियाने खराटा उचलला. याच्याच भाईबंदांनी उन्हाळ्यात तिची एकोणीस बदकं फस्त केली होती. पण खराटा हाणणार तोच टेकडीवर शिकारीचं शिंग वाजलं, पाठोपाठ कुत्र्यांचा गलका ऐकू आला आणि तिचा हात वरच्या वर थांबला. क्षणभर विचार करून तिने बाहेर येऊन दाराला कडी घातली आणि ती अंगणात उभी राहिली.

शिकारीचे म्होरके होते त्या टापूचे जमीनदार सर लायोनेल फॅनशॉ. वसंतात त्यांनी राईतल्या पायवाटेवर फाटक बसवून कुलूप ठोकलं होतं. का, तर माणसांच्या वर्दळीने कोल्ह्यांच्या पिल्लांना त्रास होतो! पिल्लं वाढली तरच हिवाळ्यात शिकार मिळणार ना. राईतून चर्च दहा मिनिटांवर. रस्त्याने वळसा घालून दोन मैल. केझियाची शेजारीण, म्हातारी डॉर्कस, गुडघ्यांपायी तेव्हापासून चर्चला गेलीच नव्हती. केझिया दोनदा हवेलीवर विनंती करून आली. दोन्ही वेळा कारभाऱ्याने तिला दारातूनच वाटेला लावलं होतं.

बघता बघता अंगण कुत्र्यांनी भरलं. कुत्री सांभाळणारा जोब टॅपिट घोड्यावरून ओरडला, "केझियाबाई, दार उघडा! आमचा कोल्हा आहे आत."

"तुमचा?" केझियाने कमरेवर हात ठेवले. "माझी बदकं खाल्ली तेव्हा कुणाचा होता रे? तेव्हा तर म्हणालास, रानचं जनावर, त्याला कोण मालक!"

मागून येणारे स्वार खो खो हसले. तेवढ्यात सर लायोनेल पोचले. वाटेत ओढ्यात पडले होते बहुतेक. लाल कोट अर्धा काळा झाला होता.

"बाई, त्या चोराला कशाला पाठीशी घालता?"

"सरकार, चोर दोन आहेत. एकाने माझी बदकं नेली, एकाने गावाची वाट नेली. पहिला सापडलाय. दुसऱ्याचं बोलू या का?"

जोबने मान खाली घालून घोड्याची आयाळ विंचरायला घेतली. शेत केझियाच्या नवऱ्याने मागे ठेवलेलं, स्वतःचं होतं, ती कुणाचं कूळ नव्हती. तरी जमीनदाराला तोंडावर चोर म्हणणं म्हणजे काय खायचं काम होतं?

"डॉर्कसने तुमच्या वडिलांना अंगाखांद्यावर खेळवलंय," ती हळू आवाजात म्हणाली. "सात महिने झाले, तिने चर्चची पायरी पाहिली नाही."

सर लायोनेलांचा चेहरा उतरला. "डॉर्कस? मला कुणी सांगितलं नाही हे."

"सांगायला आले होते. दोनदा. आता तुम्ही वाट उघडा, मी दार उघडते."

त्यांनी गालावरचा चिखल पुसला, खिशातून किल्ली काढली आणि जोबकडे फेकली. "जा, कुलूप काढून इथे घेऊन ये. आणि कारभाऱ्याला सांग, संध्याकाळी मला भेट म्हणून."

जोब परत येईस्तोवर केझियाने सगळ्यांना आल्याचा केक वाटला. सर लायोनेलांनी दोन तुकडे खाल्ले, तिसरा मागायला लाजले, तेव्हा तिने तो आपणहून त्यांच्या हातावर ठेवला. जोबने आणून दिलेलं गंजकं कुलूप तिने ॲप्रनच्या खिशात टाकलं आणि शब्दाला जागून दार उघडलं.

पुढे जे झालं ते कुणालाच अपेक्षित नव्हतं. कुत्री एकदम आत घुसली, त्यांच्या धक्क्याने ताकाचं पिंप कलंडलं आणि सगळी पलटण माना खाली घालून ताक चाटायला लागली. कोल्हा त्यांच्या पाठींवर पाय देत बाहेर आला, सर लायोनेलांच्या घोड्याच्या पोटाखालून निसटला आणि कुंपणापार झाला.

"अरे, धरा!" जोब बोंबलला.

"कोण धरणार?" सर लायोनेल हसू आवरत म्हणाले. "पहा की, सगळी जेवायला बसलीत!"

केझियाचं त्या दिवसाचं लोणी गेलं, तीन चीजं फुटली. ती फरशी धूत दुपारभर पुटपुटत होती, पण मधूनच तिला हसू फुटत होतं.

रविवारी डॉर्कस केझियाचा हात धरून राईतून निघाली. तिसऱ्या बाकावर बसली, हातातलं प्रार्थनेचं पुस्तक उघडलं आणि प्रवचन सुरू होताच मान टाकून घोरायला लागली. पाद्रीबाबांनी आवाज चढवला, घोरणंही चढलं. पुढच्या बाकावरून सर लायोनेलांनी वळून पाहिलं.

"उठवू नका हो," केझिया कुजबुजली. "सात महिन्यांची झोप साचलीये."

आणि तिने आपली शाल म्हातारीच्या गुडघ्यांवर पसरली.