दुसऱ्या बाकावरची जागा

सुतारकाकांनी कानामागची पेन्सिल काढली, दुसऱ्या बाकाच्या टोकापासून अडीच फुटांवर रेघ ओढली आणि चाकांच्या खुर्चीला ब्रेक लावून करवत मागितली.

"आपल्याच हातच्या कामावर करवत चालवायला मन होतं तरी कसं, काका?" चर्चचे पाळक म्हणाले.

"माझं काम आहे म्हणून तर होतं. दुसऱ्याचं असतं तर धजलो नसतो."

चर्चमधले सगळे बाक आणि वेदीपुढचा कठडा काकांनी तिशीत बनवले होते. छपराचं काम करताना पडून त्यांचे पाय गेले, त्याला आता दोन वर्षं झाली. मंडळी काही वाईट नव्हती. त्यांनी दाराशी उतार बांधला आणि बाजाच्या पेटीशेजारी 'काकांची जागा' ठरवून टाकली. तिथून सगळ्यांचे चेहरे दिसत, शेजारी मात्र कोणी नसे. प्रभुभोजनाची भाकर घ्यायला लोक बाकाबाकाने पुढे जात, कठड्याशी गुडघे टेकत आणि परतत. कठड्याच्या पायऱ्या खुर्चीला चढता येत नसत, म्हणून सगळ्यांचं उरकलं की पाळक तबक घेऊन पेटीपाशी येत आणि काकांचं होईपर्यंत अख्खं चर्च माना वळवून थांबे. पंगत उठल्यावर एकट्याला वाढावं, तसं काकांना वाटे. त्यांना सगळ्यांबरोबर घ्यायचं होतं, बस.

रविवारी खुर्ची कापलेल्या जागेत नेमकी बसली. शेजारी मंडळीतल्याच नर्सबाई होत्या. त्यांनी काही न विचारता गीतांचं पुस्तक दोघांच्या मध्ये धरलं. काका दोन वर्षांनी कोणाच्या तरी आवाजात आवाज मिसळून गायले.

मग प्रभुभोजनाची वेळ झाली. दुसरा बाक उठला आणि पलीकडच्या टोकाने पुढे निघाला. तेव्हा कुठे काकांच्या ध्यानात आलं. त्यांनी बसण्याचा विचार केला होता, उठण्याचा नाही. सुताराच्या डोक्यात लाकूडच असायचं! पेटीशेजारी निदान आडोसा तरी होता. इथे सगळ्यांच्या मधोमध रिकामी फळी आणि ते. त्यांनी मान खाली घातली.

नर्सबाई अजून बसूनच होत्या.

"जा तुम्ही," काका पुटपुटले. "तुमच्यासाठी थांबलेत सगळे."

"गुडघे धरलेत आज."

रोज चार-चार जिने चढून लोकांना इंजेक्शनं देणारी ही बाई. आज उतारावर काकांची खुर्चीही तिनेच ढकलली होती.

"चर्चमध्ये बसून थापा?"

"हळू बोला. पाळक बघतायत."

पाळक कठड्याशी घुटमळले. त्यांनी एकदा गुडघे टेकलेल्यांकडे पाहिलं, एकदा दुसऱ्या बाकाकडे, आणि तबक घेऊन खाली आले. भाकर आधी बाईंच्या हातात पडली. त्यांनी ती मोडली आणि अर्धी काकांपुढे धरली. काकांनी आधी हात सदऱ्याला पुसला. बाईंनी घाई केली नाही.

मागे तिसरा बाक करकरला. काकांनी वळून पाहिलं नाही. पुढे जायला उठता उठता कोणीतरी पुन्हा खाली बसलं होतं, एवढं त्यांना लाकडाच्या आवाजावरून कळलं. मग चौथाही करकरला.