डावा पाय

माझी भाची शिवकन्या हिचं जाफराबादकडच्या टेंभुर्णीच्या एका मुलाशी जमत आलं होतं. मुलगा तिला आवडला होता. ती तसं बोलली नाही, पण बघण्याच्या दिवसापासून घरात रोज दोन पोळ्या करपत होत्या. आता राहिली होती ती चौकशी. आमच्यात ती मुलीच्या मामानं करायची, आणि मामानं मान हलवली नाही की विषय संपला.

तो मामा मी, अप्पाराव, एसटीचा ड्रायव्हर. पंचवीस वर्षं एकही अपघात नाही, आणि त्याचा बिल्ला माझ्या खिशावर कायम असायचा. कुणी गोड बोललं की मी आधी आपला खिसा चाचपतो, असा माझा स्वभाव. बघण्याच्या दिवशी मी ड्युटीवर होतो, त्यामुळे मुलानं मला पाहिलेलं नव्हतं. हे मला बरंच वाटलं.

मुलाचं नाव भुजंग. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं. घर बरं, माणसं बरी, व्यसन नाही. एकच गोष्ट खटकत होती, त्याची साडेतीनशे सीसीची मोटारसायकल. दुकान आणि घर यांत दोनशे पावलांचं अंतर. त्यासाठी एवढी गाडी? नक्कीच कुठंतरी पाणी मुरत होतं.

नव्वद सालच्या मार्चमध्ये सुट्टी काढून मी टेंभुर्णीला गेलो, तेही खाकी घालून. खाकीपुढं लोक जरा खरं बोलतात. दुकानासमोर ती गाडी उभी होती. पुढं काच नाही, अंगावर झाकण नाही, इंजिन सगळं उघडं, आणि दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर. लबाडी लपवायला जागाच नव्हती, म्हणून मी आणखी निरखून पाहिली.

"विकायची का?" मी विचारलं.

भुजंग हात पुसत बाहेर आला. खाकीतल्या माणसाला तिकडं सगळेच मामा म्हणतात. "न्हाई मामा. अन् घेऊबी नका. पेट्रोल लई पिते. पार्ट भेटत न्हाईत. पळती वाऱ्यावानी, पण ब्रेक तेवढा लागत न्हाई."

"मग ठेवलीस कशाला?"

"दिवसभर जळक्या तारा काढून राह्यलो मी. सांजच्याला पाच मिनिटं हिच्यावर बसलं की डोकं साफ व्हतं."

आपल्याच गाडीच्या खोडी सांगणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो. माझा संशय दुप्पट झाला. म्हटलं, चालवूनच बघावी, आणि एक फेरी मागितली.

दुचाकी म्हणून मी फक्त बिनगिअरची लुना चालवलेली. त्यानं सगळं नीट समजावलं: क्लच डाव्या हातात, गिअर डाव्या पायाखाली. तो मागं बसला. जाफराबादच्या रस्त्याला लागेपर्यंत मी शहाण्यासारखा होतो. मग मी मूठ थोडी जास्त पिळली, आणि काय सांगू, पोटातलं सगळं पाठीला जाऊन चिकटलं. पंचवीस वर्षं मी पन्नास माणसं मागं घेऊन खड्डे चुकवले होते. असं मोकळं मला कधीच वाटलं नव्हतं. मी ओरडलो. आनंदानं ओरडलो, हे आज कबूल करतो.

वळणावर बैलगाडी आडवी आली. बसमध्ये अशा वेळी दोन्ही पाय एकदम खाली जातात, उजवा ब्रेकवर आणि डावा क्लचवर. माझे तसेच गेले. इथं डाव्या पायाखाली गिअर होता. गाडी एकदम खालच्या गिअरमध्ये गेली, मागचं चाक अडकलं, आणि आम्ही बाभळीत जाऊन पडलो. माझा गुडघा फुटला, त्याचं कोपर सोललं आणि हेडलाइटचा चुरा झाला.

लोक धावत आले. मी तोंड उघडायच्या आत भुजंग म्हणाला, "माझ्याच हातून घसरली. मामा मागं बसले व्हते."

मी गप्प बसलो. एवढंच नाही, अंबडला येऊन दाजींना, म्हणजे शिवकन्येच्या वडिलांना, तेच सांगितलं. सर्जेरावदाजी भडकले. "ज्यानं माझ्या मेव्हण्याला पाडलं, त्याच्या हाती पोर न्हाई देणार!" आत भांडं पडल्याचा आवाज झाला.

पण पोरगा खोटं का बोलला? मी शिवकन्येचा मामा आहे हे त्याला कळलं असणार, आणि आता तो मला खिशात घालू बघणार. त्याच्या मागणीची वाट बघत मी तीन दिवस काढले.

चौथ्या दिवशी टेंभुर्णीच्या स्टँडवर तो माझ्या केबिनच्या खिडकीशी आला.

"पाय कसाय, मामा?"

"ते राहू दे. तुला काय पाहिजे ते बोल."

"मला? काय न्हाई. तुमचा बिल्ला दिसला म्हून बोललो तसं. माझं काय, मी कितीदा पडलोय." तो हसला. "जालन्याहून हेडलाइटची काच आणायला निघालो. गाडी जल्दी उभी केली पाह्यजे. अंबडच्या पोरीचा मामा चौकशीला येणारय म्हणे. अजून आला न्हाई."

त्या दिवशी जालन्यापर्यंत मी आरशात त्याच्याकडे पाहू शकलो नाही. मला माझीच लाज वाटत होती.

संध्याकाळी थेट दाजींकडे गेलो. "दाजी, गाडी मी चालवत होतो," म्हणालो, आणि डाव्या पायासकट सगळं सांगितलं.

दाजींनी माझ्या बिल्ल्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. "पंचवीस वर्षांत तू पडला न्हाई, अन् आता पडला? त्या पोरानं तुला पटवलंय, अप्पा. तूच सांगतो ना, कुणावर इस्वास ठेवू नका म्हून?"

मी हेच शिकवलं होतं त्यांना, वीस वर्षं, याच खुर्चीत बसून. आता माझ्याच तोंडानं पोरीचं लग्न मोडत होतं.

शिवकन्या चहा घेऊन आली होती. तिनं कप ठेवले, वळली, आणि एकदम किंचाळली, "मामा, बैल!"

माझे दोन्ही पाय फरशीवर दाणकन आपटले. फुटक्या गुडघ्यातून कळ डोक्यात गेली.

दाजी माझ्या डाव्या पायाकडे पाहत राहिले. त्यांची स्वतःची मोटारसायकल दारात उभी होती. तिचा गिअर कुठल्या पायाखाली असतो हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

"टेंभुर्णीला कवा जातो?" त्यांनी विचारलं.

"उद्या सकाळच्या गाडीला."

"मंग होकार सांगून ये."

मी बिल्ला काढून आतल्या खिशात टाकला. शिवकन्येनं माझ्यापुढचा चहा उचलला आणि गार झाला म्हणून दुसरा करायला आत गेली.