काळ्या दोऱ्याचा पेनड्राइव्ह

इशिता दुपारी दीडला झोपते आणि, देव तिचं भलं करो, तीनपर्यंत उठत नाही. माझा दिवस तेवढाच.

त्या सोमवारी त्या दीड तासात मला जुन्या लॅपटॉपवर विंडोज काढून लिनक्सची, म्हणजे जुन्या यंत्रावरही भरभर चालणाऱ्या फुकट प्रणालीची, नवी आवृत्ती बसवायची होती. लॅपटॉप माझ्या लग्नाआधीचा. तो चालू होईपर्यंत कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या. आणि संध्याकाळी सहाच्या आत एका प्रकाशनाला मराठीत टाइप केलेली नमुन्याची दोन पानं पाठवायची होती. आवडली तर घरबसल्या काम, बाळंतपणानंतरचं पहिलंच.

"मोबाइलवर टाइप कर ना," स्वप्नील सकाळी ऑफिसला निघताना म्हणाला.

"दोन पानं करीन. दोनशे पानांचं पुस्तक आलं तर?"

"मग लिनक्स," म्हणत नवऱ्याने चपला घातल्या.

लिनक्स एका नव्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं होतं. आधी लॅपटॉपमधलं काहीही न पुसता त्या पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहिलं. वायफाय सापडलं, आवाज आला, मराठी कीबोर्डवर जोडाक्षरंही नीट उमटली. इशिताचे फोटो रविवारीच दुसरीकडे उतरवून ठेवले होते. म्हटलं, आता धीर करायचा. 'इन्स्टॉल' दाबलं. जुनं सगळं पुसलं गेलं आणि निळी पट्टी सावकाश सरकू लागली. चाळीस टक्के झाल्यावर मी इशिताच्या बाटल्या उकळायला आत गेले.

परत आले तर पट्टी थांबलेली, पडद्यावर चूक झाल्याचा निरोप, आणि पेनड्राइव्ह जागेवर नाही.

हॉलमध्ये इशिता उठून रडत होती. तिला खांद्यावर टाकून सासूबाई स्पीकरला थापट्या मारत होत्या. आमच्या सासूबाई घोडबंदरच्या. घरात नवी वस्तू आली की तिला काळा दोरा बांधल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. पाळणा, मिक्सर, स्वप्नीलची स्कूटर, इशिताच्या गाण्यांचा पेनड्राइव्ह. शनिवारी मी हा नवा आणला, त्यालाही बांधला. मी हसले होते.

"क्षितिजा, ह्याच्यात एक पण गाणं न्हाय गो."

"आई, तो माझा आहे."

"तुझा कसा? काला दोरा हाय."

"दोन्हींना तुम्हीच बांधलाय."

त्यांनी दोऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मोडला काय कम्प्युटर?"

"मोडला नाही. पण आता त्यात जुनंही नाही नि नवंही नाही. सहाला पानं द्यायचीयत, आणि ही जागी."

त्यांनी स्पीकरमधून पेनड्राइव्ह उपसून माझ्या हातावर ठेवला. "पुन्हा लाव. पोरीला मी बघते. पाचपर्यंत हिकडं फिरकू नको."

"गाण्यांशिवाय राहील का ती?"

"स्वप्नीलला मी मिठागराच्या बांधावर निजवलाय. तिथं काय स्पीकर होता?"

मी पुन्हा सुरुवातीपासून लावलं, आणि या वेळी पेनड्राइव्हवर हाताचा आडोसा धरून बसले. बाहेरून सासूबाईंचं गाणं येत होतं. चाल एकच, शब्द मनचे. चौक गावच्या मावशीने धाडलेल्या मांदेल्या, त्या खाणारं मांजर, मांजराला रागावणारी इशू. रडणं हुंदक्यांवर आलं. मग तेही थांबलं.

पट्टी भरली. पेनड्राइव्ह काढून लॅपटॉप पुन्हा चालू केला. तो उघडला तेवढ्या वेळात कुकरची पहिली शिट्टीसुद्धा झाली नसती. मराठी कीबोर्ड नव्याने जोडावा लागला, तेवढंच. पावणेसहाला पानं गेली.

झोपलेल्या इशिताला घेऊन सासूबाई दारात आल्या. "गेली?"

"गेली."

"मग त्या पेनड्राइव्हचा दोरा सोड. लाल बांधू." आणि सुटलेला काळा दोरा त्यांनी माझ्याकडून लॅपटॉपच्या चार्जरला बांधून घेतला. दोरा वाया घालवायचा नाही.

सहाला पाच कमी असताना उत्तर आलं. पानं चांगली होती. पुस्तक धाडतो, रोज किती वेळ देऊ शकाल?

मी लिहिलं, दुपारी दीड ते तीन. सासूबाईंनी माझ्या खांद्यावरून वाचलं.

"तीन कशाला? पाच लिव."