भुलीची सुई

पायल मेश्राम चार वर्षं लग्नांचे व्हिडिओ काढत होती आणि नागपूरजवळच्या वाडीतल्या भाड्याच्या खोलीत बसून ते एडिट करत होती. स्वतःचा म्हणावा असा पहिला माहितीपट तिनं केला तो डुकरांवर. मांसासाठी पाळलेली डुकरं कशी जगतात हे कुणी दाखवत नाही, मग आपण दाखवू, असं तिनं ठरवलं. दोन फार्मवर तिला आत जाऊ दिलं, पण कॅमेरा बाहेर ठेवून. तिथं तिनं अंगसुद्धा वळवता येऊ नये अशा लोखंडी पिंजऱ्यांत ठेवलेल्या व्यालेल्या माद्या पाहिल्या, आणि भूल न देता खच्ची केली जाणारी पिल्लं. शेवटी भिवापूरजवळच्या ओमप्रकाश नावाच्या मालकानं तिला शूटिंगसाठी तीन दिवस दिले. आपल्या फार्मची जाहिरात होईल असं त्याला वाटलं होतं.

तिथं पिल्लांचं सगळं धोंडबा बघायचे. वय पंचावन्नच्या पुढं, बोलणं मोजकं. पिंजरे तिथंही तेवढेच अरुंद होते. पण पिल्लांना खच्ची करण्याआधी धोंडबा भुलीची सुई द्यायचे. वर्षभर मालकाच्या मागे लागून त्यांनी ती सुरू करायला लावली होती, जनावरांच्या डॉक्टरांकडून सुई द्यायला शिकलेही होते.

तिसऱ्या दिवशी पायलनं ते शूट केलं. सुई दिलेलं पिल्लू मांडीवर गुमान पडून राहिलं. स्क्रीनवर बघताना तिला वाटलं, यात काहीच नाही.

"काका, एक पिल्लू सुई न देता करता का?" तिनं विचारलं.

"काहून? सुई तं हाय ना."

"बाकी ठिकाणी तसंच करतात. मी डोळ्यांनी पाहिलंय, पण मला शूट करू दिलं नाही. दिसल्याशिवाय लोक मानणार नाहीत. एकच पिल्लू."

धोंडबांनी पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवला. "यानं बाकीच्या डुकरायचं भलं होईन म्हणता?"

"होईल."

त्यांनी मान खाली घालून ते केलं. पिल्लू किंचाळलं. पिंजऱ्यातली त्याची आई सळयांना धडका देऊ लागली, पण तिला वळता येईना. अठरा सेकंदांचा तो शॉट. पायलचा कॅमेरा जरासुद्धा हलला नाही.

माहितीपट पहिल्यांदा दाखवला नागपुरातल्याच एका छोट्या सभागृहात. त्या अठरा सेकंदांत पुढच्या रांगेतली एक बाई रडायला लागली. दिवे लागल्यावर तिनंच पहिला प्रश्न विचारला, "त्या माणसाला काहीच वाटत नसेल का हो?"

पायलच्या तोंडातून निघून गेलं, "त्यांना सवय झालेली असते."

आणि मग तिला तिसऱ्या रांगेत धोंडबा दिसले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते, शेजारी त्यांची सून गोपिका. बोलावणं पायलनंच फोनवर केलं होतं, पण ते एवढ्या लांब येतील असं तिला वाटलं नव्हतं. आजूबाजूचे लोक त्यांना ओळखून कुजबुजत होते. धोंडबा समोर बघत बसले होते.

बाहेर चहाच्या टेबलापाशी पायल त्यांच्याजवळ गेली.

"चांगला झाला पिक्चर," धोंडबा म्हणाले. "फक्त आपण सुई देतो, ते दाखवलं असतं तं बरं झालं असतं, ताई."

गोपिकाला मात्र राहवलं नाही. "त्या दिवशी मामाजी घरी येऊन जेवले नाही. सवय झाली म्हणता तुमी? तुमीच करायले लावलं ना त्याहिले?"

"गोपिका, चाल वं. बस निघून जाईन."

लोक अजून तिथंच चहा पीत उभे होते. पायलनं आवाज चढवून एक वाक्य बोलायचं होतं, एवढंच. ती ते बोलली नाही. एका प्राध्यापकानं तिचं अभिनंदन केलं आणि ती त्याला थँक्यू म्हणाली.

कुणीतरी तो शॉट मोबाईलवर उतरवून घेतला होता. आठवड्याभरात तो भिवापूरपर्यंत पोचला. ओमप्रकाशनं धोंडबांना कामावरून काढलं. पायल त्याच्याकडे जाऊन म्हणाली की मीच सांगितलं होतं तसं करायला. तो म्हणाला, "मला काय माहीत नाही का? पण व्हिडिओत हात कोणाचे दिसून राहिले, मॅडम?"

पायल घरी आली आणि मूळ फुटेज काढून बसली. कॅमेरा आधीपासून चालू होता. तिचं ते मागणं, धोंडबांचं "काहून", सगळं त्यात होतं. तिनंच कापून टाकलं होतं. पिल्लाचं ओरडणं थांबल्यावर तिचा स्वतःचा आवाज आला, "परफेक्ट." आपण असं म्हटलं होतं हे तिला आठवतसुद्धा नव्हतं. तिनं ते परत ऐकलं, आणि मग लॅपटॉप तसाच सोडून आंघोळीच्या खोलीत जाऊन किती तरी वेळ उभी राहिली.

तिनं ते सगळं माहितीपटात जसंच्या तसं घातलं, सुई दिलेलं पिल्लूही. ज्या महोत्सवानं माहितीपट घेतला होता त्यांनी तो नाकारला. बनवलेला शॉट म्हटल्यावर बाकीच्या फार्मवरच्या खऱ्या गोष्टीही लोक आता खोट्या धरतील, हेही तिला कळत होतं, आणि तेही तिच्याच माथी होतं.

त्याच सभागृहात तिनं तो पुन्हा दाखवला. वीसेक माणसं आली. तिचा आवाज पडद्यावरून आला तशा काही माना मागं वळल्या. ती मागच्या भिंतीला टेकून उभी होती, हलली नाही. शेवटी कुणी प्रश्न विचारला नाही. गोपिका एकटीच आली होती. ती शेवटपर्यंत बसली आणि पायलच्या समोरून निघून गेली.

धोंडबांना ओमप्रकाशनं परत घेतलं नाही. ते आता उमरेडकडच्या एका शेळीपालनवाल्याकडे कामाला जातात. पायल फोन करते तेव्हा उचलतात, तब्येत विचारतात, नीट बोलतात. स्वतःहून मात्र कधी करत नाहीत.